शरयूताईंचा टेकू

शरयूताई दामल्यांचा मला हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे त्यांच्याबद्दल काही तिरकं लिहिलं गेलंच, तर त्यातली माझी पोटदुखी वजा करून वाचता येईल. हेवा त्यांच्या हुद्द्याचा नव्हता. नेदरलँड्समधल्या वाखनिंगनच्या ज्या विद्यापीठात मी काम करतो, तिथेच त्या बियाण्यांच्या विभागात होत्या, माझ्या कितीतरी वर, आणि ते त्यांना शोभायचंही. त्यांच्या डचचाही नव्हता, जरी त्या सायकल दुरुस्त करणाऱ्याशीसुद्धा व्याकरणशुद्ध डच बोलायच्या. हेवा एकाच गोष्टीचा होता. त्या माझ्यापेक्षा चांगल्या शिकारी होत्या.

हे वाक्य लिहितानाही मला त्रास होतो. मी कोल्हापूरकडचा. आमच्या घरी रविवारी तांबडा-पांढरा रस्सा आणि त्याच्याबरोबर तोंडी लावायला पणजोबांनी मारलेल्या रानडुकराची गोष्ट. ते डुक्कर दर वर्षी थोडं वाढायचं. शरयूताई पुण्याच्या, कर्वेनगरच्या. मांस सोडाच, अंडं आहे का हे विचारल्याशिवाय त्यांनी कुणाच्या वाढदिवसाचा केक तोंडात घातला नाही. पन्नाशी केव्हाच उलटलेली, ठेंगणी बाई. जाड चष्मा, घट्ट अंबाडा, थंडीत त्यावरून मफलर. अशा बाईने रायफल खांद्याला लावावी आणि माझ्यासारख्या खानदानी माणसाने शेजारी बसून दुर्बीण पुसावी, याला काय म्हणायचं?

नेदरलँड्समध्ये शिकार म्हणजे बंदूक घेऊन रानात घुसणं नव्हे. परीक्षा द्यावी लागते, पोलिसांकडून परवाना घ्यावा लागतो, आणि सगळ्यात अवघड म्हणजे हक्काचं रान लागतं. ज्याला रान नाही त्याने रानवाल्याचा पाहुणा होऊन राहायचं. मी हेंकचा पाहुणा होतो. हेंक म्हणजे आमच्या गावाजवळचा एक म्हातारा शेतकरी. ऱ्हाईन नदी आणि एक जुना बुटका बांध यांच्यामधलं गवताचं रान शिकारीसाठी त्याच्याकडे होतं. तिथे आपल्या भेकराएवढं एक हरीण येतं, त्याला हे लोक ‘रे’ म्हणतात. दर हंगामात त्यातली मोजकीच मारायची परवानगी मिळते. हेंकचे गुडघे संपत आले होते. एक दिवस तो म्हणाला होता, “माझ्यानंतर या रानाच्या करारात मी एकच नाव घालणार. दोन नावं आली की भांडणं येतात.” ते नाव आपलं असावं म्हणून मी वर्षानुवर्षं त्याच्या मचाणाच्या शिड्या दुरुस्त केल्या, त्याचे विनोद समजून हसता यावं म्हणून डच शिकलो. आयुष्यात मला फार कमी गोष्टी इतक्या मनापासून हव्याशा वाटल्या आहेत.

आणि शरयूताईंना त्या रानात नेलं कोणी? मीच. स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. त्यांच्या प्रयोगाच्या वाफ्यांतले कोवळे शेंडे हरणं खाऊन जात होती. जेवणाच्या सुट्टीत त्या वैतागून म्हणाल्या, “अरे रणजित, तू शिकारीला जातोस ना? मग हे हरीण कुठून येतं आणि काय बघून येतं, ते मला दाखव एकदा.” मला वाटलं, एका सकाळच्या गारठ्यात बाईंचा उत्साह मावळेल. शिवाय थर्मास धरायला कुणीतरी बरं.

त्या सकाळी आम्ही तिघं बांधावर बसलो. हेंक त्याच्या खुर्चीवर, मी घडीच्या स्टुलावर. शरयूताईंनी सलवार सावरली आणि त्या सरळ उकिडव्या बसल्या. टाचा जमिनीला टेकलेल्या, कोपरं गुडघ्यांवर, हनुवटी तळव्यांवर. विळीवर भाजी चिरायला बसावं तशा. बराच वेळ गेला. पाय बदलला नाही, की हुं की चूं नाही. समोर एक रे गवतातून डोकं वर काढतंय न काढतंय तोच माझं स्टूल करकरलं आणि ते पसार झालं. हेंक माझ्याकडे पाहीलसं वाटलं होतं. पण तो शरयूताईंच्या टाचांकडे बघत होता. आपला नवा ट्रॅक्टर आला तेव्हा त्याच्याकडे तो असाच बघत राहिला होता.

तिथून पुढे त्यांनी रीतसर परीक्षा दिली, पहिल्या फटक्यात पास झाल्या, परवाना काढला. परीक्षेच्या अभ्यासात त्यांना एक प्रश्न फार आवडला, तो त्यांनी आयुष्यालाच लावून टाकला. हा देश सपाट. गोळी चुकली किंवा आरपार गेली तर ती अडवायला मागे माती हवी, नाहीतर ती कुठे जाईल याचा नेम नाही. म्हणून चाप ओढण्याआधी विचारायचं, मागे काय आहे? शरयूताई हे सगळ्यांना विचारायला लागल्या. विद्यार्थी मोठ्या आवेशात निष्कर्ष मांडू लागला की, “छान. मागे काय आहे?” मी आम्स्टरडॅमला घर बघतोय म्हटलं तर, “मागे काय आहे?” पहिल्यांदा मी “रेल्वेलाईन” म्हणून उत्तरही दिलं होतं.

दुसरी गोष्ट बिस्किटांची. डच घरात कॉफीबरोबर बिस्किटाचा डबा पुढे येतो, तुम्ही एक उचलता, आणि टप्पकन झाकण लागतं. हेंककडे मी इतकी वर्षं कॉफी प्यायलो, दुसरं बिस्कीट मला कधी दिसलं नाही. शरयूताई तिसऱ्यांदा गेल्या तेव्हा हेंकने डबा उघडा ठेवला. नुसता उघडा नाही, त्यांच्या बाजूला सरकवून ठेवला. त्या दिवशी माझ्या मनात पहिल्यांदा धोक्याची घंटा वाजली.

आता टेकूबद्दल. रानात उभ्याने रायफल स्थिर राहत नाही, हात थरथरतात, छाती वरखाली होते. म्हणून तिला खालून आधार द्यायला काठ्या मिळतात. एका पायाच्या, दोन पायांच्या, तीन पायांच्या. सगळे त्याला ‘स्टिक’ म्हणतात, शरयूताई टेकू म्हणायच्या. मी घेतला होता तो चार पायांचा, कार्बनचा, पुढून-मागून दोन्हीकडून रायफल धरणारा. हेंकच्या ओळखीतल्या सगळ्या उंच्यापुऱ्या शिकाऱ्यांकडे तसाच होता. त्यावर रायफल ठेवून उभा राहिलो की मी मला फार आवडायचो.

शरयूताईंनी टेकू घ्यायचं ठरवलं तेव्हा मी मोठेपणाने त्यांना आर्नहेमच्या बाजूच्या एका दुकानात घेऊन गेलो. मला वाटलं, मी सांगेन, त्या ऐकतील. दुकानदाराने एक दणकट टेकू पुढे केला. शरयूताईंनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, “उघडा.” खट्, खट्, खट्. डोळे न उघडताच म्हणाल्या, “मिटा. हरीण गेलं.” दुसऱ्याच्या पट्ट्यांना व्हेल्क्रो होतं, ते चर्रकन सुटलं. “हेही गेलं.” मग त्यांनी हातमोजे घातले आणि एकाच हाताने पाय पसरता येतात का ते पाहिलं. मग दुकानदाराला गाडीतळामागच्या उतारावर नेलं. बिचारा गेला. तिथे त्यांनी एकेक टेकू गवतात रोवून वर हलकेच मुठीने दाबून पाहिला. साडी घेताना काठ चुरगळून बघतात तसं सगळं चाललं होतं. माझ्यासारख्याच चार पायांच्या टेकूची पाळी आली तेव्हा खालच्या बाजूचे पाय सावकाश घसरायला लागले.

“सपाटीवर उत्तम आहे,” त्या मला म्हणाल्या. “पण तू बसतोस उतारावर.”

“दिसायला भारी आहे ना, ताई,” मी म्हणालो.

“टेकू आहे तो, जावई नाही.”

शेवटी त्यांनी काठीच्या तळाला लावायच्या रबरी टोप्या तेवढ्या घेतल्या. मला वाटलं दुकानदार वैतागला असेल. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, “या बाई स्पर्धेत उतरतात का?” मी ज्या दुकानात एवढी महागडी वस्तू घेतली होती तिथे मला हा प्रश्न कधी कुणी विचारला नव्हता.

त्यांनी टेकू घरीच केला. झाडांना आधार द्यायचे तीन बांबू आणले आणि वरच्या टोकाजवळ सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने एकत्र बांधले. झाला टेकू. वरच्या बेचक्यात रायफलचं नळीखालचं लाकूड बसायचं, नळी कधीच नाही. नळी कशावर टेकली की गोळी भलतीकडे जाते, हे त्या मला ऐकवायच्या, कारण कुंपणाच्या खांबावर नळी टेकवून मी एकदा नेमबाजीच्या मैदानावर शेजारच्या माणसाच्या लक्ष्याला भोक पाडलं होतं. ट्यूब वर-खाली सरकवली की टेकूची उंची बदलायची, आवाज शून्य. तिन्ही पाय स्वतंत्र, त्यामुळे उतारावर एक आखूड, दोन लांब, जसे हवेत तसे पसरायचे. आणि उंची? माझ्या कमरेइतकी. कारण शरयूताई उभ्या राहणारच नव्हत्या. बांधाच्या उतारावर उकिडवं बसायचं, टेकू समोर, दोन्ही कोपरं गुडघ्यांवर, आणि नेम खाली, मातीच्या दिशेने. म्हणजे “मागे काय आहे” याचं उत्तर बसायच्या जागेतच तयार. डच शिकाऱ्यांना हे जमणं शक्य नव्हतं. त्यांच्या टाचा टेकत नाहीत, ते मागे कोलमडतात. मला जमायला हवं होतं. माझं अख्खं लहानपण उकिडवं बसण्यात गेलं. पण मी उंच डचांकडे बघून टेकू घेतला होता, आणि शरयूताईंनी स्वतःच्या गुडघ्यांकडे बघून केला होता.

त्यांनी पहिलं हरीण त्याच टेकूवरून मारलं. एकच गोळी, जागच्या जागी. त्यातलं अर्धं मांस हेंकने आम्हाला दिलं. माझ्या बायकोने, अश्विनीने, कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून रस्सा केला. शरयूताई आमच्याकडे जेवायला आल्या, मटकीची उसळ आणि भाकरी खात बसल्या आणि दर दोन घासांनी विचारत होत्या, “मऊ झालंय ना? चिवट नाही ना?” लेकीच्या परीक्षेचा निकाल विचारावा तशा.

“तुम्ही खात नाही, मग मारवतं कसं हो?” अश्विनीने विचारलं.

“खात नाही म्हणून तर हात स्थिर राहतो. खाणाऱ्याला भूक असते गं, आणि भूक घाई करते.”

अश्विनी माझ्याकडे बघून हसली. त्या गेल्यावर म्हणाली, “काय बाई आहे ना!” मी म्हणालो, रस्सा थोडा खारट झालाय. झाला नव्हता.

मागच्या उन्हाळ्यात हेंकने आम्हा दोघांना स्वयंपाकघरात बसवलं. कॉफी झाली, डबा उघडाच होता. त्याच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं आणि रानाच्या करारात घालायचं नावही त्याने ठरवलं होतं. तो शरयूताईंकडे वळून म्हणाला, “तुझं नाव घालतो.” मी बिस्किटाकडे हात नेला होता, तो तिथेच राहिला. मला राग आला, रडू आलं आणि सगळ्यात वाईट म्हणजे निवड बरोबर आहे हेही त्याच क्षणी कळलं. मी “अभिनंदन, ताई” म्हणालो.

शरयूताई शांतपणे म्हणाल्या, “मी नोव्हेंबरात पुण्याला परत जातेय. कायमची. थोरली बहीण एकटी आहे, मीही निवृत्त होतेय. रणजितचं नाव घाल.”

म्हणजे ज्यासाठी मी इतकी वर्षं शिड्या ठोकल्या, ते त्या टेबलावरून उचलून माझ्या ताटात वाढत होत्या. हेंकने मान हलवली. “तो घाई करतो,” तो म्हणाला, मी तिथे नसल्यासारखा. “चांगला माणूस आहे, पण घाई करतो. बांधावरून मला एक हरीण नीट मारून दाखवू दे. एक गोळी, स्वच्छ. मग घालतो नाव. नाही जमलं तर माझा पुतण्या आहे.”

बाहेर पडल्यावर मी शरयूताईंना म्हणालो, “मला दान नकोय.”

“दान कसलं? आधी खाली बसून दाखव.”

मग सुरू झाला माझा छळ. रोज जेवणाच्या सुट्टीत विद्यापीठामागच्या हिरवळीवर मी उकिडवं बसायचो. गुडघे कटकट वाजायचे, पोट मध्ये यायचं, तोल मागे जायचा. सायकलवरून जाणारे विद्यार्थी काळजीने थांबायचे. शरयूताई बाजूला दहीभाताचा डबा खात उभ्या. “टाचा, टाचा! खुर्चीने वाट लावली तुझी.” एक दिवस त्या म्हणाल्या, “बघ, बसलास की!” आणि मला इतका आनंद झाला की मी मागे पडलो.

ती सकाळ ऑगस्टच्या शेवटची होती. गवतावर दव, नदीवर धुकं. हेंक बांधाच्या वर खुर्चीवर, मी उतारावर, शरयूताई माझ्या डाव्या हाताला. त्यांनी रायफल आणलीच नव्हती, नुसता बांबूचा टेकू मांडीशी घेऊन बसल्या होत्या. मी मात्र माझा चार पायांचाच घेऊन गेलो होतो. त्यांच्या बांबूंवरून रान मिळवायचं हे मला सहन होणार नव्हतं. पाय आखूड करून मी तो लावला. दवाने गवत निसरडं झालं होतं. रायफल ठेवली आणि पुढचे दोन पाय सावकाश, अगदी सभ्यपणे, नदीकडे निघाले.

त्याच वेळी वाळुंजाच्या झुडपातून नर बाहेर आला. शरयूताईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी माझा टेकू उचलून गवतात आडवा ठेवला, आपला माझ्यापुढे रोवला आणि माझे हात लांब म्हणून ट्यूब दोन बोटं वर सरकवली. कसलाही आवाज झाला नाही. मी रायफल बेचक्यात ठेवली. ती तिथे अशी बसली, जशी माझ्याकडे कधीच बसली नव्हती.

नर आडवा उभा होता. माझं बोट चापावर गेलं. शेजारून श्वासाइतक्या आवाजात आलं, “मागे काय आहे?”

मी पाहिलं. धुक्यात शेजाऱ्याच्या गाई होत्या. मी बोट काढलं. नर चरत राहिला. माझ्या मांड्या पेटल्या होत्या, घाम डोळ्यांत येत होता, आणि मला वाटत होतं, हा जाणार, रान जाणार, पुतण्या येणार. टाचा टेकवून बसून राहिलो. मग तो हळूहळू खालच्या खोलगट भागात उतरला. त्याच्यामागे आता नुसती ओली काळी माती होती. शरयूताई काही बोलल्या नाहीत. मी श्वास सोडला आणि चाप ओढला. तो जागीच बसला, मग आडवा झाला.

हरीण पडलं की शरयूताई नेहमी चष्मा काढून मांडीवर ठेवायच्या. त्या दिवशीही ठेवला.

इथल्या जुन्या शिकाऱ्यांची एक रीत आहे. मेलेल्या हरणाच्या तोंडात हिरवी फांदी देतात, तो त्याचा शेवटचा घास. आणि दुसरी फांदी ज्याने मारलं त्याच्या टोपीत खोवायला देतात. जखमी होऊन पळालेल्या हरणाचा कुत्र्याने माग काढला असेल तर शिकारी आपल्या फांदीतला तुकडा मोडून कुत्रेवाल्याला देतो. हेंक कसाबसा बांधावरून उतरला. त्याने ओकच्या दोन डहाळ्या तोडल्या. एक हरणाच्या तोंडात दिली. दुसरी माझ्यापुढे धरली, माझा हात दाबला आणि म्हणाला, “रान तुझं.”

ज्या शब्दांची मी इतकी वर्षं वाट पाहिली, ते हेच. मी डहाळी घेतली. आमच्याकडे कुत्रं नव्हतं. माग काढायची वेळच आली नव्हती. रीतीप्रमाणे ती डहाळी पूर्ण माझी होती, आणि मला ती पूर्णच हवी होती. मी गवतात रोवलेल्या त्या तीन बांबूंकडे पाहिलं, डहाळी मोडली आणि अर्धी शरयूताईंना दिली. जिवावर आलं होतं, खोटं कशाला सांगू?

“अगं बाई, मला?” त्या म्हणाल्या. त्यांच्याकडे टोपी नव्हती. त्यांनी मफलर मागे सारला आणि फूल माळावं तशी ती डहाळी अंबाड्यात खोचली. मग सायकलच्या दांडीला टेकू बांधायला लागल्या.

“तो मला ठेवा ना,” मी न राहवून म्हणालो.

“हा माझ्या मापाचा आहे. बांबू मिळतात रे बागेच्या दुकानात. तुझा तू कर.”

त्यांचं सामान बांधणं, निरोपाच्या जेवणावळी, विमानतळ, हे सगळं पुढे रीतसर झालं. पण माझ्या मनात त्या राहिल्या त्या तिथल्याच. बांधावरून सायकल हाकत, पाठ ताठ, दांडीला तीन बांबू आणि अंबाड्यात ओकची हिरवी पानं. हेंकने टोपी काढून छातीशी धरली होती. माझ्यासाठी त्याने ती कधी काढली नव्हती, अजूनही काढत नाही. रान माझं झालं होतं, हरीण मी मारलं होतं, फांदी माझ्या टोपीत होती, आणि त्या वळणाआड जाईपर्यंत आम्ही दोघंही त्यांच्याकडेच बघत उभे होतो.